कोपऱ्यातली बांधी

दामिनीने चपला धुऱ्याच्या बांधावर काढल्या, साडीचा काठ कमरेला खोचला आणि हातातली पट्टी सांभाळत बांधीत, भाताच्या चौकोनी खाचरात, उतरली. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. दोन रोपांमधलं अंतर मोजायला ती वाकली, तशी धुऱ्यावर उभी असलेली खुशबू तिच्या हाताकडे टक लावून पाहू लागली. डायरी तिने छातीशी घट्ट धरली होती, जणू कुणी ती हिसकावून नेणार होतं.

"पंधरा. इथे सोळा. छान आहे," दामिनी म्हणाली. "दोरी धरून रोवलंस?"

"हो मॅडम. एक टोक आजीने धरलं, एक मी."

आजी म्हणजे धुरपता. खुशबू तिच्याच घरी राहत होती. कृषी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना एक सत्र गावात काढावं लागतं. त्यांना कृषिकन्या म्हणतात, आणि एकेकीला एकेक शेतकऱ्याचं घर नेमून देतात. शिकलेलं त्याच्या शेतात करून दाखवायचं, त्याच्याकडून चार गोष्टी शिकायच्या आणि रोजची डायरी लिहायची. करडी गावात या वर्षी आठ जणी होत्या. सात जणींची तपासणी दामिनीने दुपारपर्यंत उरकली होती आणि खुशबूला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ती स्वतः कृषिकन्या म्हणून याच घरी राहिली होती आणि तिचं प्रात्यक्षिक याच बांधीत झालं होतं.

तलावाची पाळ तशीच होती. पाळीवरचं मोहाचं झाड थोडं वाकलं होतं, एवढंच. सकाळपासून सात घरांत कोरडेपणाने शेरे मारत फिरलेल्या दामिनीला इथे पाय ठेवताच उगाच भरून आलं. त्या वेळी ती वीस वर्षांची होती आणि मोबाइल कुणाकडेच नव्हता. आठवड्यातून एकदा धुरपताचा नवरा, तुलारामकाका, तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून फोन करायला मोहाडीला नेत असे. ती घरच्यांशी बोलत असताना काका बूथच्या बाहेर पाठ करून उभे राहत, पोरीचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. संध्याकाळी धुरपता लाखोरीच्या डाळीचे वडे तळायची आणि पहिला घाणा नेहमी हिच्या ताटात पडायचा. आई सोडून इतकं प्रेम तिला नंतर फार थोड्या लोकांनी दिलं.

काका जाऊन सहा वर्षं झाली होती. दामिनीला ते उशिरा कळलं आणि मग भेटायला येणं राहूनच गेलं. नोकरीच्या माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

"ती कोपऱ्यातली का सुनी?" तिने मान वर करून विचारलं.

बांध्यांच्या हिरव्या चौकटींत तलावाकडच्या कोपऱ्यातली एकच लहान बांधी चिखल करून तशीच सोडलेली होती. पाण्यावर आभाळ दिसत होतं आणि दोन बगळे फिरत होते.

"पऱ्हे पुरले नाहीत आजीचे," खुशबू हळूच म्हणाली. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाफ्यात तयार केलेली भाताची रोपं.

"अजूनही तेच. माझ्या वेळीही हीच राहिली होती," दामिनी हसली. "नियोजन म्हणून नाही. आण डायरी."

खुशबूने डायरी लगेच दिली नाही. आधी ती दोन्ही हातांत धरून ठेवली आणि मग पुढे केली. दामिनी धुऱ्यावर बसली, पाय बांधीतच ठेवून. पानं उलटत ती मनाशी दाद देत होती. अक्षर स्वच्छ होतं, उगाच फुगवलेलं काही नव्हतं. पाच जुलैच्या पानावर तिचा हात थांबला.

'प्रात्यक्षिकासाठी टाकलेले पऱ्हे उगवले नाहीत. वाफा रिकामा.'

तिने समोरच्या बांधीकडे पाहिलं. बांधी भरली होती, रोपं ओळीत उभी होती. तिने पुन्हा डायरीत पाहिलं. बावीस जुलै: 'प्रात्यक्षिकाच्या बांधीत रोवणी केली.' मधल्या सतरा दिवसांत पऱ्ह्यांबद्दल एक शब्द नव्हता.

"खुशबू, हे काय आहे?"

खुशबूचा चेहरा उतरला. ती खाली धुऱ्यावरच्या गवताकडे पाहत राहिली.

"उगवलेच नाहीत, तर हे रोप कुठलं?"

"आजीने दिलं मॅडम."

दामिनीने डायरी मिटली. कॉलेजात ती कडक म्हणून प्रसिद्ध होती आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. प्रात्यक्षिकात बाहेरचं रोप घातलं तर प्रात्यक्षिक रद्द आणि सत्र पुढल्या वर्षी पुन्हा, हा नियम तिनेच आग्रहाने करून घेतला होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या शेतातले फोटो दाखवणाऱ्या दोन मुलींना तिने घरी बसवलं होतं. त्यांच्या वडिलांनी येऊन हात जोडले, तरी ती विरघळली नव्हती.

"नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे." खुशबूचा आवाज चिरकला. "वर्ष गेलं तर घरून पुन्हा पाठवणार नाहीत मॅडम. मोठ्या ताईचंही असंच सुटलं. पण मी खोटं नाही लिहिलं. तुम्हीच म्हणाल्या होत्या, जे दिसलं तेच लिहा. उगवले नाहीत ते लिहिलं. दिले ते लिहायचं होतं, पण आजी नाही म्हणाली. म्हणे, हे लिहायची गोठ नाही."

जे दिसलं तेच लिहा. हे वाक्य दामिनी प्रत्येक बॅचला सांगायची आणि त्यासोबत स्वतःची एक फजितीही. कृषिकन्या असताना तिच्या बांधीतल्या रोपांचे बुंधे जांभळे निघाले होते. कॉलेजचं बियाणं तर हिरव्या बुंध्याचं. वीस वर्षांच्या शहाण्या पोरीने अहवालात बिनदिक्कत लिहून टाकलं, 'मिठाच्या पाण्याच्या बीजप्रक्रियेमुळे बुंध्यास जांभळी छटा येते व ते निरोगी रोपाचे लक्षण होय.' तपासायला आलेले सर अर्थशास्त्राचे. त्यांनी या निरीक्षणावर तांबड्या पेनाने 'उत्तम' लिहिलं. वर्ग खदखदून हसायचा. मग दामिनी म्हणायची, "अगं, रंग जातीचा असतो, मिठाचा नाही. माझ्या पिशवीत भेसळ होती. दिसलं ते लिहा, त्याचा अर्थ लावायची घाई करू नका."

हे आठवलं आणि तिचा हात आपोआप पाण्यात गेला. तिने समोरचं एक रोप बुडापासून उपटलं, चिखल धुतला आणि पात्याचं आवरण अंगठ्याने बाजूला केलं.

बुंधा जांभळा होता.

तिने दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग उठून ती शेजारच्या, धुरपताच्या घरच्या बांधीत गेली आणि तिथलं एक उपटलं. तेही जांभळं. चारही रोपं तळहातावर घेऊन ती एकेकाचा बुंधा पुन्हा पाहू लागली.

"मॅडम?" खुशबू घाबरून म्हणाली. तिला वाटलं, आता संपलंच.

तेवढ्यात धुऱ्यावरून धुरपता येताना दिसली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले स्टीलचे ग्लास. चाल संथ झाली होती आणि केस पार पांढरे, पण हसू लांबूनच ओळखू येत होतं.

"आली का माय! मॅडम झाली न् अजून चिखलातच उतरते?" तिने किटली खाली ठेवली आणि पदराने हात पुसून दामिनीच्या गालावरून फिरवला. "वाळली तू. जेवतेस का नाई बरोबर?"

"काकी," दामिनीने तळहात पुढे केला, "हे पऱ्हे तुमचे ना?"

"मंग कोनाचे?"

"हिचे उगवले नव्हते."

"कसे उगवतीन? रातभर मिठाच्या पान्यात ठेवलंन पोरीनं."

दामिनीने खुशबूकडे पाहिलं. मिठाच्या पाण्याचं काम अर्ध्या तासाचं. पोकळ धान वर तरंगतं ते काढून टाकायचं आणि तळाला बसलेलं जड धान लगेच दोनदा गोड्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवायचं.

"घरी आम्ही धान रात्रभर भिजवतोच ना मॅडम, मोड यायला," खुशबू पुटपुटली. "मला वाटलं, हेही तसंच."

धानवाल्या घरची पोर. दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं.

"काकी, तुम्ही पाहत होता. मग हिला सांगितलं का नाही?"

"मी कायले सांगू?" धुरपताला या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं. "तूही तसंच केलं होतं. आमच्या पितळी गुंडात, रातभर. मले वाटलं तुमच्या कॉलेजाची पद्धतच तशी असन. आंधी कॉलेजाचं धान मिठात मारा, न् मंग घरचं रोवा."

खुशबूला हसू आवरेना. तिने ओढणी तोंडावर धरली. मग मॅडमकडे पाहिलं आणि ओढणी हळूच खाली घेतली.

दामिनीला तो गुंड, ते पाण्याचं पितळी भांडं, आठवला. चुलीमागच्या कोनाड्याशी ठेवला होता तिने, झाकण घालून. सकाळी धान वाफ्यात टाकलं आणि दुपारी निरोप आला की वडिलांना कावीळ झाली आहे. ती घरी गेली, ती पंचवीस दिवसांनी परतली. तोवर बांधी रोवून झाली होती. तुलारामकाका म्हणाले होते, "पानी आलं, थांबता नाई आलं बाई. तुहेच पऱ्हे आहेत, मोजून घे." तिने खरंच मोजून घेतले होते.

"म्हणजे माझे..."

"एक नाई उगवला," धुरपता चहा ओततच म्हणाली. "थे, तुहे काका, रोज सकाळी जाऊन वाफा पाहत. म्हनत, बाप बिमार आहे पोरीचा, न् इथं हे असं."

"मले काहून नाई सांगतलं काकी?"

बोलता बोलता तिची भाषा कधी बदलली, ते तिलाही कळलं नाही.

"सांगत नसतेत. ज्याचे उगवले नाई त्याले दुसऱ्यानं देयाचे, गावात तसंच आहे. न् देल्ल्यावर त्याची गोठ कोनी काढत नाई. घेनाऱ्याले कसं वाटन? घे, चहा थंडा होते."

दामिनीने ग्लास घेतला, पण ओठाला लावला नाही. तिचे डोळे कोपऱ्यातल्या सुन्या बांधीवर गेले होते.

"तुमचे पऱ्हे जास्त होते का तेव्हा?"

"जास्त कुठून होतीन? घरच्या बांध्यापुरते मोजून टाकत थे. मूठभर इकडे नाई, मूठभर तिकडे नाई. मोठा हिशेबी मानूस."

"मग ती..."

"थे राहिली," धुरपताने बांधीकडे न पाहताच सांगितलं. "यंदाबी राहिली. एक साल राहिली तं काय होते?"

दामिनी धुऱ्यावर बसली आणि ग्लासातला चहा हिंदकळून तिच्या बोटांवर आला. भाजलं, तरी तिने ग्लास सोडला नाही.

समारोपाचा कार्यक्रम ग्रामपंचायतीत झाला होता. सतरंजीवर गाव बसलं होतं. तुलारामकाका धुतलेली टोपी घालून अगदी पुढे, मांडी घालून, कारण आज आपल्या घरची पोरगी बोलणार होती. पोरगी खणखणीत आवाजात वाचत गेली. प्रात्यक्षिकाचं यश, रोपांची उंची, जांभळी छटा. आणि शेवटी, शेतकऱ्यांसाठी सूचना: 'यजमान शेतकऱ्याची एक बांधी नियोजनाअभावी पडीत राहिली. पऱ्ह्यांचे क्षेत्र आधीच मोजून ठरविले असते, तर हे नुकसान टाळता आले असते.' सरांनी मान डोलावली होती. आणि काकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांत आधी त्यांनीच.

बावीस वर्षं ते चित्र तिने लाडाने जपलं होतं. भोळा माणूस, वाटायचं तिला. आपल्यावरचा ठपकाही त्याला कळला नाही.

"काकी, त्या दिवशी मी पंचायतीत वाचलं होतं. काकांना ते समजलं होतं का?"

"समजन नाई तं काय? सातवी शिकले होते थे." धुरपता आपला ग्लास घेऊन तिच्या बाजूला टेकली. "मलेच राग आला होता. घरी येऊन मी म्हनली, सांगा तं तिले एकदा. थे म्हनत, राहू दे व. पोरगी साऱ्या पोरींत पहिली आली. पहिल्या आलेल्या पोरीले कोनी असं सांगते काय?"

तिने चहाचा घोट घेतला.

"बोर्डात पहिली आल्यासारखं सांगत फिरले गावात. आमच्या घरची पहिली आली म्हने."

तलावाकडून वारा आला आणि बांध्यांतली रोपं एका बाजूला वाकून पुन्हा सरळ झाली. दामिनी रडली. विद्यार्थिनींसमोर रडायचं नाही, हा तिचा स्वतःपुरता नियम होता; तोही त्या दिवशी मोडला. धुरपताने तिच्या पाठीवर हात ठेवला. खुशबूला कुठे पाहावं कळेना, म्हणून ती बगळे पाहत उभी राहिली.

मग दामिनीने पदराने तोंड पुसलं.

"पेन आहे का ग?"

खुशबूने पेन दिला.

"बस इथे. मी सांगते ते नाही, झालं ते लिही. धान रात्रभर मिठाच्या पाण्यात राहिलं, म्हणून उगवलं नाही. रोवलेले पऱ्हे धुरपताबाईंनी दिले. आणि त्यामुळे त्यांची कोपऱ्यातली बांधी राहिली. तिन्ही लिही."

"आजी नको म्हणते मॅडम."

"गावात बोलायचं नसतं. वहीत लिहायचं असतं." हे आपण आत्ताच शिकलो, असा तिचा आवाज होता.

खुशबू गुडघ्यावर वही ठेवून लिहू लागली. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "मग प्रात्यक्षिक रद्द?"

"प्रात्यक्षिक फसलं. फसलेलं का फसलं, ते नीट लिहिलं तर त्याला गुण असतात. आणि बाहेरच्या रोपाचा नियम लपवणाऱ्यांसाठी आहे. विभागात मी सांगेन." दामिनीने खाली सही केली, तारीख घातली. "कमी मिळतील. पण वर्ष जाणार नाही तुझं."

धुरपताला यातलं अर्धंच कळलं. "पास केलं ना पोरीले?" तिने विचारलं.

"केलं काकी."

"मंग ठीक. आता जेवूनच जा. वडे करतो."

पहिला घाणा त्या दिवशीही दामिनीच्याच ताटात पडला. निघताना ती जीपच्या मागे उभी राहून कॉलेजच्या फार्मवर फोनवर काहीतरी बोलली. पऱ्ह्यांच्या किती पेंड्या उरल्यात, त्यांचं वय किती झालं, एवढंच ड्रायव्हरच्या कानावर आलं.

पुढच्या सोमवारी विभागाच्या कपाटातून तिने एक जुना बांधीव अहवाल शोधून काढला. पुठ्ठा सुटला होता आणि कडांना कसर लागली होती. जांभळ्या छटेचं पान आलं, तांबड्या पेनातलं 'उत्तम' आलं. ती वाचत सूचनांपर्यंत पोचली, तेवढ्यात फोन वाजला. खुशबूने फोटो पाठवला होता. कोपऱ्यातली बांधी रोवलेली, रोपं जरा उंच, जरा मरगळलेली, पण उभी. खाली लिहिलं होतं:

'आजी सकाळपासून विचारून राहिली, धुऱ्यावर पऱ्हे कोणी ठेवून गेलं. मी म्हटलं, मला काय माहीत.'

दामिनीने फोटो मोठा करून पाहिला. बुंधे हिरवे होते.

फोन बाजूला ठेवून तिने अहवाल पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. 'नियोजनाअभावी' या शब्दावर तिने एक सरळ रेघ मारली. दोन ओळींच्या मध्ये जागा थोडीच होती. 'पऱ्हे मला दिल्यामुळे' एवढं त्यात मावलं.